सूचना नेमक्या कुणाला?

महिला दिन जवळ आला, की मोबाइलवर सुरक्षेच्या सूचनांचा पाऊस पडतो. अंधार पडल्यावर एकटीने बाहेर पडू नका, पर्समध्ये मिरचीपूड ठेवा, अनोळखी माणसाशी बोलू नका, प्रसंग आलाच तर जोरात ओरडा. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. तरी ते वाचताना माझ्या पोटात खड्डा पडतो.

माझ्यावर लहानपणी अत्याचार झाला तो भरदुपारी, स्वतःच्या घरात, आणि ज्याच्या पाया पडायला मला सांगितलं जायचं अशा माणसाकडून. इथे येणाऱ्या नातेवाइकांना हे आज प्रथमच कळत असेल. नाव लिहिणार नाही. तो माणूस केव्हाच गेला. पण वरच्या यादीतली एकही सूचना मला उपयोगी पडली नसती. उलट प्रत्येक सूचना जणू विचारते, "मग तू का नाही ओरडलीस?" भीतीने अंग लाकडासारखं होतं, आवाज फुटत नाही. ती शरीराची प्रतिक्रिया असते, संमती नव्हे.

हे माझ्या एकटीचं नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला. त्यात मुलग्यांची संख्याही मोठी होती. आणि त्रास देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे ओळखीचे, विश्वासातले होते.

मग सगळ्या सूचना मुलींनाच का? माझ्या मते खरी यादी घरातल्या मोठ्यांसाठी हवी. मूल एखाद्या पाहुण्याजवळ जायला तयार नसेल, तर "काका आहेत ना" म्हणून पुढे ढकलू नका. मुलाने काही सांगितलं, तर आधी विश्वास ठेवा, "आधी का नाही बोललास?" हे विचारू नका. घराण्याच्या अब्रूसाठी गप्प बसू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तर अशी गोष्ट ठाऊक असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा क्रमांकही आहे.

मिरचीपूड ठेवायची त्यांनी जरूर ठेवावी. रस्त्यावर ती उपयोगी पडेलही. पण घरातल्या लेकराच्या हाती ती कोण देणार, आणि कुणाविरुद्ध? तिथे मोठ्यांनीच डोळे उघडे ठेवायला हवेत.

असो. आपल्यापैकी कुणाला काही सांगायचं असेल, तर फोन करा. मी ऐकेन, आणि उलट प्रश्न विचारणार नाही.