बीपी 'घराण्यात आहे' म्हणजे नेमकं काय?

"आमच्या घराण्यातच आहे हो बीपी. आजोबांना होतं, वडलांना होतं, मला असणारच." सातबाऱ्यावर नोंद असल्यासारखं सांगतात लोक. आणि शेवटचं बीपी कधी मोजलं विचारा. गप्प.

अहो, घराण्यात आहे तर तुम्ही सगळ्यांच्या आधी मोजायला पाहिजे! तिशीतच. ही आगाऊ आलेली नोटीस आहे, आणि नोटीस फाडून टाकली म्हणून वसुली थांबत नाही. १४०/९० च्या वर गेलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. डोकं दुखेल तेव्हा बघू म्हणणाऱ्यांना थेट अर्धांगवायूच गाठतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के आणि बायकांत २१ टक्के लोकांना उच्च रक्तदाब निघाला. एवढ्या सगळ्यांची घराणीच वाईट? आनुवंशिकतेचा वाटा आहे, नाही कोण म्हणतंय? पण तो शेकडो जनुकांत थोडाथोडा विखुरलेला. बाकीचं काम मीठ, वजन, दारू आणि दिवसभर बसून राहणं करतं. आणि वारशात नुसती जनुकं येत नाहीत, लोणच्याची बरणीही येते. पापड, फरसाण, सुकट, वडापावबरोबर तळलेली मिरची मिठात घोळवून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा. आपण ८ ग्रॅमच्या आसपास खातो, वर पानात डावीकडे वेगळं वाढून घेतो ते आहेच.

दुसरी जमात गोळी सोडणाऱ्यांची. "नॉर्मल आलं, बंद केली." अरे बाबा, गोळीमुळेच नॉर्मल आलं ना! त्यात व्हॉट्सअॅपवरचा लसणाचा काढा. लसूण खा खुशाल, पण डॉक्टरला न विचारता गोळी बंद करू नका.

आता साहेबलोकांकडे वळतो. १७ मे आला की रॅली, बॅनर, 'जीवनशैली बदला'. फुकटातला सल्ला! चालायला सांगता, पण गावातलं मैदान वर्षातले कितीतरी दिवस मंडपाखाली. आणि रोजंदारीवरच्या बाईला दहा दिवसांच्याच गोळ्या देऊन परत बोलावलं, तर दरवेळी तिची हजेरी बुडते. मग ती येणं सोडते, आणि कागदावर लिहिलं जातं 'रुग्ण बेफिकीर'.

जमत नाही असंही नाही. २०१७ ला केंद्राचा उच्च रक्तदाब नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात आपल्या राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे जिल्हे सुरुवातीला होते. पद्धत साधी. ठरलेली औषधं, महिन्याभराच्या गोळ्या एकदम, आणि जो आला नाही त्याला फोन.

येत्या ग्रामसभेत हेच तीन प्रश्न लेखी विचारा. आपल्या उपकेंद्रातलं बीपीचं मशीन चालू आहे का? गोळ्यांचा साठा किती दिवसांचा? आणि तीस दिवसांच्या गोळ्या एकदम का मिळत नाहीत? उत्तर काय आलं ते इथे कमेंटमध्ये टाका. मी बातमी करतो.