उठावे की बसावे?

चित्रपट कंटाळवाणा आहे हे कळायला किती वेळ लागतो? माझ्या अनुभवाप्रमाणे वीस मिनिटे. आणि ते कळल्यावर खुर्चीतून उठायला? माझ्याच अनुभवाप्रमाणे आणखी दोन तास. म्हणजे चित्रपट संपेपर्यंत!

वाचकहो, हसू नका. तुमचीही गत याहून फारशी वेगळी नसणार. पडद्यावर नायक तिसऱ्यांदा पावसात भिजतो आहे, नायिकेचा गैरसमज काही केल्या दूर होत नाही, मागच्या रांगेत कुणाचे तरी मूल भोकाड पसरते आहे आणि आपल्याला त्या मुलाचे म्हणणे मनोमन पटते आहे. तरी आपण बसून असतो. का? या साध्या प्रश्नाने मला बरीच वर्षे छळले आहे. आज त्याचाच थोडा विचार करावा म्हणते.

सुरुवात घरापासूनच करते. माझ्या वडिलांचे तालुक्याच्या गावी किराणा मालाचे दुकान आहे. वर्षातून एकदा, भाऊबीज झाली की, दुकान अर्धा दिवस बंद ठेवून ते आम्हा सर्वांना चित्रपटाला नेत. मी नववीत असताना आम्ही असाच एक चित्रपट पाहिला. त्याचे नाव सांगत नाही. ज्यांनी तो काढला त्यांना त्याचे फळ मिळालेच आहे. आई पहिल्या अर्ध्या तासातच पेंगू लागली. धाकटा भाऊ खुर्चीखाली शिरला. मध्यंतराला मी म्हटले, "बाबा, जाऊ या का घरी?" गल्ल्यातले पैसे ओढ्यात टाकून या असे मी सांगितले असते, तरी बाबांनी माझ्याकडे तसे पाहिले नसते. "चार तिकिटांचे पैसे मोजलेत," ते म्हणाले, "पुरा बघायचा." आम्ही पुरा बघितला. बाहेर पडल्यावर चपला झटकत बाबाच म्हणाले, "काही दम नव्हता."

मोजलेले पैसे हे न उठण्याचे पहिले कारण. अर्थशास्त्रात याला 'बुडीत खर्च' म्हणतात. जो पैसा काही केल्या परत येणार नाही, त्याच्याकडे पाहून पुढचा निर्णय घेऊ नये, असे ते शास्त्र सांगते. पण माणूस शास्त्राप्रमाणे कुठे वागतो? १९८५ साली हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात संपूर्ण हंगामाची तिकिटे घेणाऱ्या काही जणांना त्यांनी पूर्ण किमतीत, म्हणजे १५ डॉलरला, तिकिटे दिली आणि काहींना, कुणाला किती ते नशिबावर सोडून, सवलतीत दिली. नाटके तीच, नट तेच. पण हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण पैसे भरलेली मंडळी सवलतवाल्यांपेक्षा अधिक नाटकांना हजर राहिली. म्हणजे नाटकाची ओढ दोघांना सारखीच असली, तरी खिशाला बसलेला चिमटा सारखा नव्हता. हे वाचले तेव्हा मला वाटले, आमचे बाबा ओहायोतही एकटे पडले नसते.

पण सारा दोष पैशाच्या माथी मारणे बरोबर नाही. दुसरे कारण आशा. 'आता काहीतरी होईल' या आशेवर माणूस रेशनच्या रांगेत उभा राहतो, तिथे चित्रपटाची काय कथा! तिसरे कारण भीड. रांगेच्या मधोमध बसलेल्याने उठायचे म्हणजे बारा गुडघ्यांची माफी मागत जावे लागते. आणि चौथे कारण, जे आपण कबूल करत नाही, ते म्हणजे निवड चुकली हे मान्य करण्याची लाज. हट्टाने मैत्रिणींना घेऊन आलेली मुलगी चित्रपट कितीही रटाळ निघाला तरी शेवटपर्यंत बसते आणि वर म्हणते, "गाणी बरी होती."

आजोबांच्या काळी हा प्रश्न एवढा बिकट नसावा. ते जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमाच्या गोष्टी सांगत. यंत्र एकच असे. एक रीळ संपले की दिवा लागायचा, दुसरे रीळ चढेपर्यंत लोक विडी ओढून यायचे. ज्याला चित्रपट रुचला नाही तो कनात उचलून पसार व्हायचा आणि कुस्त्यांचा फड गाठायचा. कुणाच्या गुडघ्याची माफी नाही की कुणाची भीड नाही. पुढे पक्की चित्रपटगृहे आली, पण उठण्याची एक अधिकृत सोय आपल्याकडे शिल्लक राहिली. ती म्हणजे मध्यंतर. परदेशी चित्रपट मध्यंतर धरून काढलेले नसतात, पण आपल्या गावात लागले की त्यांनाही मधोमध थांबावेच लागते. राज कपूरच्या 'मेरा नाम जोकर'ला (१९७०) तर दोन मध्यंतरे होती! आपण या पंधरा मिनिटांना वडा आणि चहा यांचा वेळ समजतो. माझ्या मते तो विचाराचा वेळ आहे. दिवे लागलेले असतात, दार उघडे असते आणि परत आत जायचे की नाही हे ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता तर हिशेबाचीही सोय होऊ लागली आहे. २०२४ च्या अखेरीस दिल्ली-गुरुग्रामकडच्या काही बहुपडदा चित्रपटगृहांत असा प्रयोग सुरू झाला की, तिकिटाला थोडे जास्त पैसे द्यायचे आणि मधेच उठून गेल्यास जेवढा चित्रपट उरला असेल त्या मानाने काही रक्कम परत घ्यायची. बाबांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे त्यांनाच खात्री नाही."

इथवर वाचून कुणाला वाटेल की, कंटाळा आला की उठावे असा माझा उपदेश आहे. तसे मुळीच नाही. उलट आमच्या पिढीचा रोग अगदी विरुद्ध आहे. बाबांना उठता येत नाही. आम्हाला बसता येत नाही. मोबाइलवर चित्रपट लावायचा, दहा मिनिटांत मारामारी किंवा विनोद झाला नाही की दुसरा लावायचा, मग तिसरा. रात्रीचा एक वाजतो आणि हाती काय, तर सहा चित्रपटांच्या सहा सुरुवाती. वेगळे तिकीट काढलेले नसते म्हणून उठायला काही लागत नाही. आणि उठायला काही लागत नाही म्हणून बसण्यालाही किंमत उरत नाही. कंटाळा आला म्हणजे चित्रपट वाईट, असे आम्ही धरूनच चालतो. पण कंटाळा नेहमी पडद्यावरूनच येतो असे नाही. पुष्कळदा तो आपणच घरून नेलेला असतो.

मोठमोठ्यांच्याही हातून ही चूक झालेली आहे. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' (१९५५) १९५६ साली कान महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा फ्रान्सचा तरुण समीक्षक आणि पुढे थोर दिग्दर्शक झालेला फ्रांस्वा त्रुफो मधेच उठून गेला, अशी गोष्ट चित्रपटविषयक लेखनात वारंवार वाचायला मिळते. त्याच महोत्सवात त्या चित्रपटाला 'उत्कृष्ट मानवी दस्तऐवज' म्हणून पारितोषिक मिळाले. १९६० साली त्याच ठिकाणी आंतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाच्या 'लाव्हेंतुरा'ची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. एक मुलगी बेटावर हरवते आणि शेवटपर्यंत सापडत नाही, हे त्यांना सोसवले नाही. त्यालाही परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. जे उठले किंवा ओरडले, ते मूर्ख नव्हते. त्यांनी फक्त घाई केली.

अशी घाई मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) दाखवला. एका वृद्ध लोकशाहिरावर खटला भरलेला आहे. त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आहे. तारखेवर तारीख पडते. कॅमेरा एका जागी बसून राहतो, जणू त्यालाही समन्स आले आहे. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. मीही दोनदा घड्याळ पाहिले. शेवटी न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे एकेक करून मालवतात आणि पडदा काळा होतो. "संपला!" असे म्हणून अर्धे सभागृह उठले. पिशव्या उचलल्या गेल्या, दारे उघडली. सर मागून ओरडले, "अरे, बसा! अजून आहे!" पण बसतो कोण?

आम्ही पंधरा-वीस जण राहिलो. पुढे दिसते ते असे : न्यायाधीश महाराज कुटुंबकबिल्यासह सहलीला गेले आहेत. दुपारी बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागते. मुले येऊन ओरडून त्यांना जागे करतात. ते एका पोराला चपराक मारतात आणि पुन्हा झोपी जातात. बस्स. पण त्या चपराकीने मागचे दीड तास माझ्या डोळ्यांपुढे लख्ख उभे राहिले. ते इतके संथ का होते ते कळले. त्या शाहिराला जे भोगावे लागते, त्यातला मोठा भाग हा वाट पाहण्याचाच आहे. आम्हाला त्यातली दोन तासांचीही वाट सोसत नव्हती. जे उठून गेले त्यांनी 'कोर्ट' पाहिला असे ते आजही सांगतात. मी वाद घालत नाही.

तेव्हा संथ चित्रपट आणि पोकळ चित्रपट यांत फरक केला पाहिजे. संथ चित्रपट आपल्याकडे काहीतरी मागत असतो. पोकळ चित्रपट काही मागत नाही आणि काही देतही नाही. तो नुसता वेळ भरतो. पण अंधारात बसल्या जागी हा फरक ओळखायचा कसा? दोन्हींत जांभई सारखीच येते!

याचे उत्तर मला कोणत्याही समीक्षकाने दिले नाही. ते बाबांनी दिले आणि तेही चित्रपटगृहात नव्हे.

बारावी शास्त्र शाखेतून झाल्यावर मी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी दोन वर्षे शहरात शिकवणीला होते. पहिल्या वर्षी गुण कमी पडले. दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात मला कळून चुकले की, गुणांचे सोडाच, मला हे नकोच आहे. पण सांगायचे कसे? दोन वर्षांची फी, खोलीचे भाडे, डब्याचे पैसे; दुकानाच्या वहीत ते सारे बाबांच्या अक्षरात लिहिलेले मी पाहिले होते. 'पैसे मोजलेत, पुरा बघायचा' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. तीन आठवडे मी गप्प बसले. मग एका रविवारी दुकानात, गिऱ्हाईक नसताना, एका दमात सांगून टाकले.

बाबा बराच वेळ तराजूकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पुढं काय होतं ते बघायचंय का तुला?"

मी म्हटले, "नाही."

"बिलकुल?"

"बिलकुल नाही, बाबा."

"मग झालं तर," ते म्हणाले. "किडलेली तूर गोदामात ठेवली म्हणून पैसे परत येत नाहीत. शेजारचं पोतं मात्र किडतं."

दुकानदार म्हणून बाबा ओहायोच्या प्रेक्षकांपेक्षा शहाणे निघाले! त्या जूनमध्ये मी कला शाखेत नाव घातले. इथेही सगळे तास रंगतात असे नाही. भाषाविज्ञानाच्या तासाला मी कधी कधी खिडकीतली चिंच मोजते. पण पुढे काय आहे ते मला बघायचे असते, म्हणून मी बसते. आणि खरे सांगायचे तर शहरातल्या शिकवणीत मी पहिल्याच महिन्यात उठले असते, तर तीही घाईच झाली असती. दीड वर्ष बसले म्हणून 'बिलकुल नाही' हे शब्द मला ठामपणे म्हणता आले.

तेव्हापासून चित्रपटालाही मी हाच नियम लावते. मध्यंतरापर्यंत उठायचे नाही. इतका वेळ करणाऱ्याच्या कष्टांना द्यायचा. मोबाइलवर मध्यंतर नसते, तिथे ते आपणच धरायचे. मग दिवे लागले की तिकिटाची किंमत विसरायची, मैत्रिणी काय म्हणतील ते विसरायचे, कंटाळा किती आला हेही विसरायचे आणि स्वतःला एवढेच विचारायचे : पुढे काय होते ते मला बघायचे आहे का? जांभया देतानाही उत्तर 'हो' येत असेल, तर मुकाट्याने आत जावे. 'नाही' येत असेल, तर गुडघ्यांची माफी मागण्याचीही गरज नाही. आपण आधीच बाहेर आहोत. मित्रमैत्रिणींनो, हा नियम चुकतही असेल. पण चुकला तर तो आपला चुकेल, तिकिटाचा नव्हे.

परवाच्या दिवाळीत आम्ही पुन्हा चौघे चित्रपटाला गेलो. मध्यंतराला मी मुद्दामच विचारले, "बाबा, पुढं काय होतं ते बघायचंय का?" बाबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ते म्हणाले, "पण दुकान वेगळं आणि थेटर वेगळं." आणि ते आत गेले. मी बाहेर पायरीवर बसले. वीस मिनिटांनी पाहते तो बाबा बाहेर उभे!

"आत फार उकडतंय," ते म्हणाले, "चल, चहा घेऊ."

मी काही बोलले नाही. आत वातानुकूलन होते.