पीठ, खमीर व भाषांतर

नाताळ जवळ येतांच आपल्या अर्नाळा-आगाशी परिसरांतील घराघरांतून साखर, अंडीं व मैदा यांचीं मोजमापें सुरू होतात. अलीकडे या तयारींत एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. इटलींत राहून आलेल्या आप्तांकडून किंवा पुस्तकांतून तिकडील केकच्या कृती आपल्याकडे येऊं लागल्या आहेत. त्या प्रथम इंग्रजींत उतरतात, आणि इंग्रजींतून मराठींत आणण्याचें काम बहुधा शाळेंत शिकणाऱ्या एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे येतें. कारण आजीस इंग्रजी येत नाहीं, आणि स्वयंपाकघराचा कारभार तर आजीच्याच हातीं. भाषांतर ही केवळ परीक्षेंतील कांहीं गुणांची बाब होय, असें मानणाऱ्या विद्यार्थ्यांनीं या प्रसंगाकडे अवश्य पाहावें. येथें शब्द चुकला तर गुण जात नाहींत, डझनभर अंडीं जातात.

उदाहरणार्थ ‘फारिना दी माइस’ हें नांव घ्या. फारिना म्हणजे पीठ व माइस म्हणजे मका. उत्तर इटलींत या पिठाचा पोलेंता नांवाचा घाटा शिजवितात, आणि त्याचेच केकही भाजतात. शब्दास शब्द ठेवून याचें इंग्रजी केलें म्हणजे ‘कॉर्न फ्लोअर’ होतें. परंतु इंग्लंडांत, व इंग्लंडच्याच वाटेनें आपल्या देशांतही, दुकानदार त्या नांवानें जी शुभ्र भुकटी देतो ती मक्याचें पीठ नसून मक्याचें निव्वळ सत्त्व होय. अमेरिकेंत त्याच सत्त्वाला कॉर्नस्टार्च म्हणतात, आणि कॉर्न फ्लोअर म्हणजे तेथें खरोखरीच मक्याचें पीठ असतें. इटालियन भाषेंत सत्त्वाचें नांव ‘आमिदो दी माइस’ असें अगदीं निराळें आहे. म्हणजे घोटाळा इटालियनांतही नाहीं व मराठींतही नाहीं; तो मधल्या मुक्कामावर होतो. ‘मक्याचें पीठ’ असें सरळ लिहिलें असतें तर आजीनें गिरणींतून दळून आणविलें असतें.

‘लिएव्हितो’ या शब्दाची गोष्ट याहून नाजूक आहे. त्याचा अर्थ फुगविणारें द्रव्य. ‘लिएव्हितो दी बिर्रा’ म्हणजे जिवंत खमीर, ज्यास आपण यीस्ट म्हणतों. ‘लिएव्हितो पेर दोल्ची’ म्हणजे बेकिंग पावडर. पहिलें काम सूक्ष्म जीवांचें: ते पिठांतील साखर खाऊन वायु सोडतात, व त्यास तासन् तास लागतात. दुसरें काम सोडा व आम्ल यांचें: ओलावा व उष्णता मिळतांच वायु सुटतो. इटालियन गृहिणी केकच्या कृतींत ‘लिएव्हितोची एक पुडी’ एवढेंच लिहून मोकळी होते. ती पुडी सामान्यतः 16 ग्रॅमची असून 500 ग्रॅम पिठास पुरते, हें तिच्या शेजारणीस सांगावें लागत नाहीं. केवळ कोश पाहणारा तेथें यीस्ट लिहितो, आणि केकच्या जागीं वीट तयार होते. वास्तविक उत्तर त्या कृतींतच असतें. पीठ झांकून फुगूं द्यावें असें म्हटलें असेल तर खमीर. कालवून लगेच ओव्हनमध्यें ठेवावें असें असेल तर पावडर.

आपल्याकडे हा भेद नवा नाहीं. बेखमीर भाकरीच्या सणाचा उल्लेख मराठी पवित्र शास्त्रांत सर्वांनीं वाचला आहे. जुन्या घरांतून फुग्यांचें पीठ ताडी घालून फुगवीत. ताडींतील यीस्टच तें काम करीत असे. ज्या बाईनें ताडीचें पीठ हाताळलें आहे तिला खमीर म्हणजे काय, हें इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यानें समजावून देण्याची आवश्यकता नाहीं.

इंग्रजी शब्द तेवढा नेमका व घरचा शब्द ओबडधोबड, अशी मुलांची जी समजूत असते ती मला या सर्वांहून घातक वाटते. पिठाच्या बाबतींत स्थिति नेमकी उलट आहे. इंग्रज सगळ्यांसच फ्लोअर म्हणून पुढें विशेषणें जोडीत बसतो. आपण कणीक, मैदा, पिठी, बेसन, रवा अशीं स्वतंत्र नांवें घेतों. रव्यासाठीं तर इंग्रजांनीं इटालियनांचा ‘सेमोलिनो’ आणून त्याचें सेमोलिना केलें. शेवयांसाठींही त्यांनीं तिकडूनच ‘व्हर्मिचेल्ली’ आणलें, ज्याचा मूळ अर्थ बारीक किडे असा आहे! इटलींतील ‘दोन शून्यांचें’ पीठ हा आपल्या मैद्याचाच भाऊ. तीं शून्यें म्हणजे कांहीं गूढ नव्हे. पीठ जाळल्यावर मागें राहणाऱ्या राखेवरून ही प्रत ठरते, व इटालियन कायद्याप्रमाणें या प्रतींत राख शेंकडा 0.55 हून अधिक चालत नाहीं. कोंडा जितका कमी तितकी राख कमी. ‘सेमोला’ हा मात्र कठीण गव्हाचा रवा. आपला बन्सी रवा त्यास सर्वांत जवळचा.

घरचा प्रत्येक शब्द चालेल असें मात्र नाहीं. ‘पान्ना’ म्हणजे साय असें लिहिलें कीं पंचाईत झालीच. साय तापविलेल्या दुधावर धरते. पान्ना यंत्रानें दुधापासून वेगळी काढतात, व ती घुसळली असतां फेसाप्रमाणें फुलते. साय घुसळली तर गुठळ्या होतात. तेथें क्रीम हाच शब्द राहूं द्यावा. वसईवर 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. ते गेले व त्यांचा पाव येथें राहिला, म्हणून मराठीचें कांहीं बिघडलें नाहीं. उलट ‘बुर्रो’ म्हणजे लोणी, हें निःशंकपणें लिहावें. तें बहुधा बिनमिठाचें असतें, तेव्हां बाजारच्या खारट बटरपेक्षां घरचें लोणीच त्यास अधिक जवळचें.

बदाम महाग असतात, मग काजू लिहिले तर काय झालें, असें कोणी पालक विचारतील. इटालियन ‘मार्त्सापाने’ मूळचें बदाम व साखर यांचें. आपल्या किनाऱ्यावर तें काजूचें झालें. कारण पोर्तुगीजांनीं ब्राझीलहून आणलेला काजू येथें पिकूं लागला, आणि बदाम दुरूनच येत राहिला. परंतु तो बदल करणाऱ्या बाईला आपण काय बदलीत आहों हें ठाऊक होतें. भाषांतर करणाऱ्यानें बदामाच्या जागीं बदामच लिहावा. मनुकांऐवजीं आगाशीचीं सुकेळीं घालावयाचीं कीं काय, हें आई ठरवील. तिला ठरवितां यावें म्हणून मूळ नांव नागरींत समासांत लिहून ठेवावें, आणि ग्रॅमचीं मापें तशींच राहूं द्यावीं. वाटीभर मैदा व वाटीभर रवा यांचें वजन सारखें भरत नाहीं.