पहिलाच घाट स्वेटरचा नको



विणकाम शिकायचं ठरलं की आपण एकदम मोठी उडी मारतो. घरात बाळ येणार असतं, मग सुया आणि गुलाबी-निळे गुंडे आणून थेट स्वेटरच सुरू करतो. गळा, बाह्या, टाके वाढवणं, टाके कमी करणं, सगळं एकदम अंगावर येतं. पंधरा दिवसांत पिशवी कपाटात जाते आणि ‘मला नाही बाई जमत’ असा शिक्का आपणच आपल्यावर मारून घेतो. माझं स्पष्ट मत आहे, हात वाईट नसतो, निवडलेली वस्तू चुकीची असते.

पहिली वस्तू हातरुमालाएवढा चौकोन असावा. ३० टाके घाला आणि प्रत्येक ओळ सुलटच विणा. एक ओळ सुलट, एक उलट अशी वीण दिसते छान, पण तिच्या कडा वळतात आणि नवशिकीला वाटतं, आपलंच काही बिघडलं. नुसती सुलट वीण सपाट राहते. सुई ८ नंबरची, म्हणजे ४ मिलिमीटरची घ्या. या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते, हे लक्षात ठेवा. धागा फिक्या रंगाचा असावा, गडद रंगात टाके दिसत नाहीत. ओढून घट्ट विणू नका, नाहीतर पुढच्या ओळीत सुई आत शिरणार नाही.

प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा. ३० चे ३१ झाले, तर बहुधा ओळीच्या सुरुवातीला धागा सुईवरून मागे गेलेला असतो आणि एका टाक्याचे दोन दिसतात. तेवढंच उसवा. कापड एकदा कापलं की कापलं. विणलेलं उसवलं तर धागा पुन्हा हातात येतो.

आता धाग्याबद्दल. आपल्यातल्या कितीतरी घरांत रेशीम वर्ज्य आहे, कारण त्यासाठी कोश उकळतात. पण फॅन्सी गुंड्यांत रेशमाची भेसळ असते, अंगोरा सशाचा असतो, हे आपण वाचतो का? लोकर निषिद्ध नाही, श्वेतांबर साधू-साध्वींचा ओघाही लोकरीचाच असतो. तरी मेरिनो मेंढ्यांच्या शेपटीजवळची कातडी कापण्याची क्रूर पद्धत ऑस्ट्रेलियात आहे. न्यूझीलंडने ती २०१८ मध्ये बंद केली. म्हणून लेबल वाचा, दुकानदाराला विचारा. शिकण्यासाठी मला सुती धागा सगळ्यांत योग्य वाटतो. चौकोन ओटा पुसायला कामी येतो. अ‍ॅक्रिलिक स्वस्त आहे, पण उष्णतेने वितळतं, म्हणून गरम भांडं धरायला ते नको.

‘तयार स्वेटर स्वस्त मिळतो, एवढा वेळ कशाला?’ असं घरात कोणीतरी म्हणेलच. स्वस्त मिळतो, खरं आहे. पण दिवसभर आपला वेळ दुसऱ्यांच्या घड्याळावर चालतो. त्यातला अर्धा तास स्वतःच्या हाताला शिकवण्यात गेला, तर त्याचा हिशोब कोणाला देण्याची गरज नाही.

चातुर्मासात दुपारी घरात बसणं होतंच. तेव्हा चौकोनाने सुरुवात करा. तीच वीण लांब केली की मफलर होतो, आणि थंडीपर्यंत तो गळ्यात असेल. स्वेटर पुढच्या वर्षी. आणि विणणारी एखादी काकू शेजारी असेल, तर तिच्याजवळ जाऊन बसा. व्हिडिओ तुमचा धागा कुठे घसरला ते सांगत नाही, ती सांगते.