वळिवड्याची पोलिश आठवण : स्तंभ झाला, पुढे काय?

२१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सामधल्या कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केलं. पोलंडच्या राजधानीत कोल्हापूरचं नाव कसं, हा प्रश्न पडणं साहजिक आहे. उत्तर शहरालगतच्या वळिवड्यात आहे.

नेमकं काय घडलं?

दुसऱ्या महायुद्धात, १९४०-४१ मध्ये, सोव्हिएत राजवटीने लाखो पोलिश नागरिकांना सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलं. सुटकेनंतर त्यातले काही जण इराणमार्गे भारतात आले. १९४३ मध्ये वळिवड्यात त्यांच्यासाठी छावणी उभी राहिली. सुमारे ५ हजार जण तिथे राहिले, त्यात महिला आणि मुलंच जास्त. शाळा, चर्च, स्काउट पथकं असं पोलिश गावच तिथे वसलं. १९४८ पर्यंत ते रिकामं झालं. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले. कापडाच्या बाजारपेठेसाठी ओळखलं जाणारं आजचं गांधीनगर ते हेच.

मग आठवण जपली नाही?

जपली. कोल्हापुरात महावीर उद्यानात स्मारक आहे. २०१९ मध्ये वळिवड्यातही स्मृतिस्तंभ उभा राहिला. पण स्तंभ आदर दाखवतो, गोष्ट सांगत नाही.

इतरत्र काय केलं जातं?

कॅनडातल्या व्हेग्रेव्हिल गावात १९७५ पासून ॲल्युमिनियमचं सुमारे ३१ फूट उंच अंडं उभं आहे. युक्रेनियन लोक ईस्टरला रंगवतात त्या अंड्याची, म्हणजे ‘पिसांका’ची, ही प्रतिकृती वाऱ्याबरोबर फिरते. या भागात स्थायिक झालेल्या युक्रेनियन कुटुंबांची ओळख ती रस्त्यावरूनच करून देते.

इथेही भव्य शिल्प हवं का?

नको. व्हेग्रेव्हिलचे युक्रेनियन तिथेच राहिले, त्यामुळे त्यांचा वारसा सांगायला ते स्वतः आहेत. वळिवड्याचे पोलिश निघून गेले. त्यांची गोष्ट सांभाळणं इथल्यांच्याच हाती आहे. त्यासाठी कोट्यवधींचा पुतळा लागत नाही. छावणीच्या काळातली एखादी बराक, रहिवाशांना योग्य मोबदला देऊन, जतन करता येईल. एवढ्याशा खोलीत आधी पोलिश आणि मग सिंधी कुटुंबाने संसार कसा मांडला, हे तिथे मराठीत लिहिलेलं असावं.

नवा स्तंभ कधीही उभारता येतो. पडलेली बराक मात्र परत मिळत नाही. म्हणून निधी आधी तिच्यासाठी हवा.