किडनीचा अर्क आणि आमची दुकानदारी

दिवसभर मागावर, भट्टीपुढे किंवा वेल्डिंगच्या ठिणग्यांत राबणारा आमचा कारागीर संध्याकाळी कंबर धरून मेडिकलवर जातो आणि डायक्लोफिनॅकची गोळी मागून घेतो. डॉक्टरची चिठ्ठी नसते, दुकानदारही विचारत नाही. मग कोणीतरी त्याला सांगतो की, या गोळ्यांनी किडनी जाते. पण सोबत गोखरू, घेटुळी किंवा कलौंजीचे तेल घेतले की काही होत नाही. शहागंजात काय किंवा जुन्या मोंढ्यात काय, काष्ठौषधीच्या धंद्यात आमचे कितीतरी बांधव आहेत. म्हणून या विषयावर चार शब्द स्पष्ट लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

हा दावा अगदीच हवेतला नाही. प्रयोगशाळेत उंदरांना जेंटामायसिन हे जंतुनाशक किंवा कर्करोगावरील सिस्प्लॅटिन मुद्दाम देऊन त्यांची किडनी बिघडवली जाते. त्यातल्याच काही उंदरांना घेटुळीचा (म्हणजे पुनर्नवेचा) अर्क किंवा कलौंजीतील थायमोक्विनोन दिले असता हानी कमी झाल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे. परंतु उंदराला मोजून दिलेला अर्क वेगळा आणि पुडीतली भुकटी वेगळी. माणसांवरील पुरावा अद्याप फार तोकडा आहे. शिवाय प्रत्येक औषधाचा मार्ग निराळा. जेंटामायसिन किडनीच्या बारीक नळ्यांतील पेशींत साचते, तर डायक्लोफिनॅक किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा आवळते. उन्हात घाम गाळून, पुरेसे पाणी न पिता गोळी घेणाऱ्याला हा धोका अधिक. एकावर चालले ते दुसऱ्यावर चालेलच, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हाही गैरसमजच. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या एका क्लिनिकात वजन कमी करण्यासाठी चिनी जडीबुटी दिली जात होती. तीत एका मुळीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातील भलतीच मुळी गेली. शंभराहून अधिक स्त्रियांच्या किडन्या बिघडल्या, कित्येकींना डायलिसिसवर जावे लागले. हा प्रकार 1993 साली जगापुढे आला. आपल्याकडची ईश्वरी आणि युनानी नुस्ख्यांतील जरावंद याच कुळातल्या आहेत, हे पंसारी बांधवांनी ध्यानात ठेवावे.

मालाची अदलाबदल आमच्या बाजारालाही नवी नाही. लहान गोखरू मागावा तर मोठा गोखरू मिळतो, आणि ती झाडे दोन निरनिराळी. पुनर्नवेच्या नावाखाली दुसरीच भाजी वाळवून येते. कलौंजीला तर अर्धे गाव कांद्याचे बी समजते! कलौंजीवरील श्रद्धेबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही, परंतु श्रद्धा वेगळी आणि बाटलीवर छापलेली हमी वेगळी. 1954 च्या जादुई उपाय व आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही, त्या यादीत किडनीचा ब्राइट्स डिसीज आणि मूतखडा दोन्ही आहेत. छापील चिठ्ठीमुळे दुकानदार नाहक कोर्टकचेरीत अडकतो.

आमच्या मते यात खरा धंदा दाव्याचा नसून ओळखलेल्या, स्वच्छ मालाचा आहे. वनस्पतींची ओळख हा फार्मसीच्या अभ्यासक्रमाचाच भाग असतो, आणि आपल्याच शहरात रौजा बागेत वाय. बी. चव्हाण कॉलेज ऑफ फार्मसी आहे. दहा-पाच व्यापाऱ्यांनी मिळून मालाचे नमुने घेऊन तिथल्या जाणकारांकडे जावे आणि ओळख पटवता येईल का ते विचारावे. पोत्यावर झाडाचे शास्त्रीय नाव आणि माल कुठून, केव्हा आला हे लिहावे. असा माल औषध कारखान्यालाही देता येतो आणि भावही वेगळा मागता येतो.

आणि पायाला सूज आलेला, लघवी कमी झालेला गिऱ्हाईक पुडी मागू लागला तर पुडी बांधू नये. त्याला आधी डॉक्टरकडे पाठवावे, रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यायला सांगावे, आणि तो रोज कोणत्या गोळ्या घेतो त्याची पाकिटे सोबत न्यायला सांगावीत.