स्ट्रीमिंगच्या जमान्यात ३०० तबकड्या बँडला कशा तारतात?

जुलै २०२५ मध्ये किंग गिझार्ड अँड द लिझर्ड विझर्ड या ऑस्ट्रेलियन बँडने स्पॉटिफायवरून आपली गाणी काढून घेतली. कारण? स्पॉटिफायचे तेव्हाचे सीईओ डॅनियल एक यांची लष्करी एआय बनवणाऱ्या हेल्सिंग कंपनीतली गुंतवणूक. नंतर बँडने आपले अल्बम बँडकॅम्पवर ‘परवडेल तेवढे द्या’ म्हणून ठेवले. मला प्रश्न पडला, मग यांचं घर चालतं कशावर? कॉन्सर्ट आहेतच. पण दुसरं मोठं उत्तर म्हणजे व्हायनल, आपल्या आजोबांच्या काळातली तबकडी!

आधी हिशोब बघूया

स्पॉटिफाय दर प्लेमागे ठरलेली रक्कम देत नाही. जमा झालेल्या पैशांतून वाटा मिळतो. तो साधारण ०.३ सेंट धरा. शिवाय २०२४ पासून एखादं गाणं वर्षभरात १,००० वेळा वाजलं नाही, तर त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही.

आता समजा, एका बँडने ३०० तबकड्या प्रत्येकी २५ डॉलरला विकल्या. छपाई आणि बँडकॅम्पचं १० टक्के कमिशन वगैरे जाऊन एकीमागे १० डॉलर उरले, तर झाले ३,००० डॉलर. एवढेच पैसे स्ट्रीमिंगमधून हवे असतील तर १० लाख प्ले लागतील!

मग ३००च का? जास्त का नाही?

तबकडी छापायला आधी साचा बनवावा लागतो. त्याचा खर्च १०० तबकड्यांना तोच आणि १,००० ना तोच. त्यामुळे फार कमी छापल्या तर एकेक तबकडी महाग पडते, जास्त छापल्या तर न विकलेल्या माळ्यावर पडून राहतात. म्हणून बरेच बँड आधी प्री-ऑर्डर घेतात आणि चाहत्यांच्याच पैशांतून छापतात. रंगीत तबकडी, हाताने टाकलेला नंबर यामुळे चाहताही लगेच घेतो.

फुकट ऐकायला मिळत असताना विकत कोण घेतं?

याच बँडने २०१७ मध्ये ‘पॉलिगोंडवानालँड’ हा अल्बम फुकट दिला, वर ‘कोणीही छापा’ म्हणून मास्टर फाइल्सही दिल्या. जगभरच्या छोट्या लेबल्सनी त्याच्या तबकड्या काढल्या आणि लोकांनी त्या घेतल्याही. २०२३ च्या ल्युमिनेटच्या अहवालानुसार अमेरिकेत व्हायनल घेणाऱ्यांपैकी निम्म्यांकडेच रेकॉर्ड प्लेयर होता. म्हणजे गाणं फोनवर ऐकायचं, तबकडी आठवण म्हणून जपायची.

पण सगळं गोड नाही

छपाईला महिनोन्महिने लागू शकतात, आणि मोठ्या स्टार्सच्या ऑर्डरी आल्या की छोट्यांची रांग लांबते. ज्याला ३०० पक्के चाहतेच नाहीत, त्याला हा मार्ग बंदच. म्हणून व्हायनल स्ट्रीमिंगची जागा घेईल असं मला वाटत नाही. स्ट्रीमिंगमुळे बँड कानावर पडतो, पण त्याचा पुढचा अल्बम निघतो तो या ३०० जणांमुळे.

तबकडी परवडत नसेल तर हरकत नाही. आवडत्या बँडचा एखादा अल्बम बँडकॅम्पवरून डाउनलोड करून विकत घ्या. तिथे डिजिटल विक्रीवर कमिशन १५ टक्के किंवा त्याहून कमी आहे. पेमेंटचा खर्च सोडला तर बाकी पैसे बँडकडे किंवा त्याच्या लेबलकडे जातात.